पावणेवीस

माझी सून मला 'तुम्ही' म्हणायची, हे माझं घरातलं एकमेव दुःख होतं. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. माझ्या वयाच्या बायकांना सुनेकडून काय काय हवं असतं, मला फक्त एक अक्षर हवं होतं. लग्न झालं त्याच आठवड्यात मी तिला सांगून टाकलं, "हे बघ, मला अहो-जाहो करू नकोस. माझा मुलगा मला तू म्हणतो, तूही तूच म्हण." ती गोड हसली आणि म्हणाली, "हो आई, तुम्ही म्हणाल तसं."

तिचा दोष नव्हता. तिच्या घरचे मूळचे इकडचेच, पण वडिलांची नोकरी बंगळुरूला, म्हणून ती तिथे वाढली. शाळा इंग्रजी, मैत्रिणी कानडी, मराठी घरात बोलण्यापुरती. मोठ्या माणसांशी बोलताना चूक व्हायला नको म्हणून तिने 'तुम्ही' घट्ट धरून ठेवलं होतं. बाकी मुलगी गुणाची. फक्त वेळेच्या बाबतीत तिचं काही कळायचं नाही. कधी घड्याळ लावून घ्यावं इतकी वेळेवर, तर कधी नेमकी अर्धा तास उशिरा. एकदा मी तिला हळदीकुंकवासाठी पावणेचारला तयार राहा म्हणून बजावलं होतं, तर बाई सव्वाचारला शांतपणे साडी नेसून खाली आल्या. रिक्षावाला तोवर कंटाळून निघून गेला होता. मी तिला काही बोलले नाही, रिक्षावाल्यालाच बोलले, तेही तो गेल्यावर.

मी तापट आहे, हे इथेच सांगून टाकते. आई म्हणायची, "हिला तापायला निमित्त लागत नाही आणि निवायला आठवडा लागतो." मुलगा जहाजावर असतो, वर्षातला मोठा भाग समुद्रावर. त्यामुळे नाशिक रोडच्या आमच्या घरात आम्ही तिघंच. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते, सून घरात बसून कुठल्याशा कंपनीसाठी डीप लर्निंगचं काम करते, आणि माझे यजमान प्रेसमधून निवृत्त झाले आहेत. नोटांच्या कागदात आयुष्य गेल्यामुळे ते अजूनही हातात आलेली प्रत्येक नोट, आणि सवयीने भाजीवाल्याची चिठ्ठीसुद्धा, उजेडात धरून बघतात.

कॉलेजच्या लॅबमध्ये माझ्या ताब्यात एक चुंबक आहे. पेटी दिसते शिलाई मशीनएवढी, पण उचलायला दोन माणसं लागतात. तिच्या पोटात एक भोक, त्यात अंगठ्याएवढी जाड काचेची नळी जाते आणि नळीत एक द्राक्ष. होय, द्राक्ष. नाशिकमध्ये राहून मी दुसरं काय घालणार? द्राक्षातल्या पाण्यात हायड्रोजनचे कण असतात, ते चुंबकात शिरले की एका दिशेने तोंड करून उभे राहतात. त्यांना रेडिओलहरींचा एक टोला दिला की सगळे एकदम चेकाळतात, आणि मग हळूहळू पुन्हा जागेवर येतात. या जागेवर येण्याला इंग्रजीत रिलॅक्सेशन म्हणतात. मराठीत त्याला भारदस्त शब्द आहेत, पण मी वर्गात सरळ 'निवणं' म्हणते. चहा निवतो, माणूस निवतो, तसं पाणीही निवतं. मुलांना हे लगेच कळतं, कारण समोर उदाहरण उभं असतं.

यातली गंमत अशी की द्राक्षात साखर जास्त असली की पाणी तिला धरून राहतं, मोकळं हिंडत नाही आणि लवकर निवतं. म्हणजे पाण्याला निवायला किती वेळ लागला हे कळलं तर मणी न फोडता त्याची गोडी सांगता यायला हवी. यायला हवी, असं मी म्हणते. प्रत्यक्षात पडद्यावर एक घसरत जाणारी रेघ तेवढी उमटते. त्या एका रेघेत गराचं पाणी असतं, सालीचं असतं, बीजाजवळचं असतं, प्रत्येकाचा निवायचा वेळ वेगळा, आणि सगळे एकमेकांत मिसळलेले. तयार आमटी चाखून तिच्यात गूळ किती आणि चिंच किती ते सांगायचं, तसलं हे काम. रेघ जरा थरथरली की उत्तर कुठल्या कुठे जातं. मी वर्षानुवर्षं हे गणितानं सोडवत आले होते आणि वर्षानुवर्षं वैतागत आले होते.

एका रविवारी जेवणाच्या टेबलावर मी त्या रेघांशी झटापट करत होते. सून पाण्याची बाटली भरायला आली आणि माझ्या मागे थबकली.

"आई, हे सगळं तुम्ही एकेक करून सोडवता?"

"मग काय, चिठ्ठ्या टाकून ठरवू?"

"तसं नाही. ही अख्खी रेघ न्यूरल नेटवर्कला दिली तर? हजारो रेघा आणि त्यांच्या खऱ्या गोड्या दाखवायच्या. ते आपलं आपण शिकेल."

मी चष्मा काढला. "तुझं ते नेटवर्क म्हणजे पाठांतर करून पहिला येणारा मुलगा. मला असली मुलं वर्गातसुद्धा आवडत नाहीत."

"पाठांतर पकडायची युक्ती असते, आई," ती जराही न रागावता म्हणाली. "काही द्राक्षं त्याला दाखवायचीच नाहीत. लपवून ठेवायची. परीक्षेला तीच."

हे मात्र मला आवडलं. पेपर असाच काढायचा असतो. मी म्हटलं, बस इथे.

त्या हिवाळ्यातले आमचे रविवार मला इतके सुखाचे गेले की विचारू नका. द्राक्षं पुरवायला माझा चांदवडचा मामेभाऊ तयार झाला. त्याची बाग आहे. तो पहिल्यांदा क्रेट घेऊन आला तेव्हा चुंबकाभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "ताई, लय जीव लावून वाढवलीत ही. नुसती फोडून टाकू नको. तुझ्या डब्याला न फोडता सांगता आलं, तर माझा अख्खा घड वाचंल." बागेत गोडी बघायची तर मणी फोडावाच लागतो, आणि एका मण्यासाठी घड बिघडतो, हे त्याचं जुनं दुखणं. मी म्हटलं, आधी हजारभर फुटतील, मग न फोडता सांगू. त्याने क्रेटकडे असं पाहिलं, जसं काही बकऱ्या कसायाकडे सोडून चालला आहे.

आमची कामं वाटलेली होती. मी मणी नळीत घालायचे, चुंबकात सोडायचे, रेघ घ्यायचे. मग तोच मणी फोडून रसाचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकायचे. ही एक छोटी दुर्बिणीसारखी नळी असते, इकडे बागवाल्यांच्या खिशात दिसते. उजेडाकडे धरून डोळा लावला की आत आकडे दिसतात आणि रसाची साखर किती अंश ते कळतं. बारीक रेघांच्या मधलं मी आपलं पाव, अर्धा, पाऊण असं अंदाजाने धरायचे. माझे हात चिकट, त्यामुळे मी मोठ्याने वाचायचे आणि ती लॅपटॉपवर टाकून घ्यायची.

"साडेअठरा!"

"टाकलं."

"सव्वाएकोणीस!"

"टाकलं."

"पावणेवीस! वा, हा गोड आहे."

"टाकलं. त्याच्या शेजारचा मी खाल्ला, आई. चालेल ना?"

ती अर्धी क्रेट तिथेच संपवायची. स्वेटर घालून, पाय खुर्चीवर घेऊन, एका हाताने टाइप करत आणि दुसऱ्याने मणी तोडत. चुंबकाचं तापमान नीट सांभाळावं लागतं, मणीही खोलीइतका उबदार झाल्याशिवाय आत घालता येत नाही, म्हणून मधे मधे नुसतं बसून राहावं लागायचं. तेव्हा ती मला तिचं नेटवर्क समजावून सांगायची आणि मी तिला माझे कण. तिला कण पटकन कळले. मला नेटवर्क कळायला वेळ लागला, पण कळलं. आत काही जादू नाही, चुकत चुकत स्वतःला दुरुस्त करणारं पोर आहे, एवढं लक्षात आल्यावर माझा त्याच्यावरचा राग गेला. लॅबला जाता-येता द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकून आम्ही दोघी मोठ्याने भांडल्यासारख्या गप्पा मारायचो. फक्त तिच्या बाजूने त्या गप्पांत 'तुम्ही' असायचं. प्रत्येक वेळी मला ते खड्यासारखं लागायचं.

नेटवर्क शिकलं. लपवून ठेवलेल्या द्राक्षांवर परीक्षा घेतली, तर बहुतेक उत्तरं अगदी जवळची. पण काही मणी मात्र हट्टाने चुकायचे. सुनेने नेटवर्क बदललं, पुन्हा शिकवलं, आणखी थर चढवले, काढले. चूक तिचीच असणार असं धरून ती आठवडाभर खपली. शेवटी एका रविवारी, लॅबमधून घरी आल्यावर, तिने अत्यंत नम्रपणे तोंड उघडलं.

"आई, रागावू नका. पण तुमच्या वाचण्यात कधी कधी काही..."

मी रागावले. "तुझ्या जन्माआधीपासून मी रीडिंग घेते आहे. मनानं आकडे टाकणाऱ्या मुलांना मी प्रॅक्टिकलला शून्य देते. माझं वाचणं चुकत नाही. तुझ्या पोपटाला सांग जरा डोकं वापरायला."

ती लॅपटॉप मिटून आत गेली. मी गप्प झाले. माझं गप्प बसणं घरात सगळ्यांना ऐकू येतं. सोमवारी सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "आपण चहा घेणार का?"

आपण! मी हवालदिल झाले. 'तू' राहिलं बाजूला, मी 'तुम्ही'वरून 'आपण'वर गेले होते. अजून थोडं ताणलं असतं तर तिने मला पत्रच लिहिलं असतं. यजमान पेपरच्या आडून म्हणाले, "अभिनंदन, बढती झाली." मी त्यांच्याशीही बोलणं बंद केलं.

बुधवारी मी निवले. संध्याकाळी स्वतःहून तिच्या शेजारी खुर्ची ओढली आणि म्हटलं, दाखव.

तिने पडद्यावर चित्र काढलं. प्रत्येक द्राक्ष म्हणजे एक ठिपका. आम्ही मोजलेली गोडी आणि नेटवर्कने सांगितलेली गोडी जुळली की ठिपका एका तिरक्या रेघेवर बसतो. बहुतेक ठिपके तिथे गर्दी करून बसले होते. आणि त्यांच्या वर, जरा अंतर सोडून, दुसरी एक रांग. तशीच तिरकी, तशीच सरळ, अर्ध्या अंशाने वर. त्या सगळ्या द्राक्षांना आमचा आकडा नेटवर्कच्या आकड्यापेक्षा साधारण अर्धा अंश जास्त होता.

मी बराच वेळ बघत राहिले. माझा डोळा चुकला असता तर ठिपके इकडेतिकडे उडाले असते. नेटवर्क मूर्ख असतं तरी तेच. ही चूक तर शाळेच्या प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी शिस्तीत उभी होती.

"आकडे दाखव," मी म्हटलं. "आपण टाकलेले."

ती आकडे सरकवत गेली. अठरा पूर्ण, अठरा पाव, साडेअठरा. एकोणीस पूर्ण, एकोणीस पाव, साडेएकोणीस. माझ्या डोक्यात काहीतरी टोचायला लागलं.

"पाऊण कुठे आहे गं?"

"पाऊण?"

"इतक्या द्राक्षांत एकाही मण्याची साखर अमुक अंश पाऊण निघाली नाही? मी तर पन्नास वेळा तरी ओरडले असेन. हा बघ, याच्यापुढे तू 'लांबट' लिहिलंयस, तो मणी मला आठवतो. याला मी पावणेवीस सांगितलं होतं."

"हो. टाकलंय की, आई. वीस पॉइंट टू फाइव्ह."

मी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"पावणेवीस म्हणजे किती?" मी शक्य तितक्या हळू आवाजात विचारलं.

"पाव..." ती माझ्याकडे बघत म्हणाली, "आणि वीस."

यजमानांनी पेपर खाली ठेवला.

मी तिला सांगितलं. पावणे म्हणजे पाव कमी. वीसला पाव कमी, म्हणजे एकोणीस आणि पाऊण. तिने दोन्ही हात डोक्याला लावले आणि जवळजवळ किंचाळली, "अगं आई! पाव कमी आहे तर वीस म्हणायचंच कशाला? तू सरळ एकोणीस पॉइंट सात पाच म्हण ना! असं कोण बोलतं?"

"अख्खा महाराष्ट्र बोलतो!"

"आणि पावणेचारला तयार राहा म्हणालीस, तेव्हा मी सव्वाचारला आले तर तू दिवसभर तोंड पाडून बसलीस!"

मग मला हसू फुटलं. आधी मला, मग तिला, मग यजमानांना, आणि ते असं फुटलं की खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी जिन्यातून वर येऊन सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं. लग्न झाल्यापासून माझा प्रत्येक 'पावणे' तिने अर्ध्याने वाढवून घेतला होता. जेवण, रिक्षा, हळदीकुंकू, द्राक्षं, सगळं. आणि तिचा तो पोपट, ज्याला मी बोल लावले होते, तो सगळा वेळ बिचारा एकोणीस पाऊणच्या आसपास सांगत होता. बाकीचे आकडे खरे असल्यामुळे आमच्या चुकीच्या शिकवणीनेही तो फारसा बिघडला नव्हता. एका छताखाली राहून आम्हाला एकमेकींचं जे ऐकू येत नव्हतं, ते त्याने द्राक्षातल्या पाण्याकडून शिकून घेतलं होतं. आम्ही सगळे वीस पाव, एकवीस पाव पुन्हा तपासले. चूक नेमकी अर्ध्याचीच होती आणि आमच्याकडे प्रत्येक रविवारचं रेकॉर्डिंग होतं, कारण ती बाई द्राक्षं खातानाचे माझे संवादसुद्धा फोनवर टिपून नवऱ्याला पाठवायची. आकडे सुधारून पोराला पुन्हा शिकवलं. ती वरची रांग खाली उतरून बाकीच्यांत मिसळली.

पण मी खरी ऐकत होते ते वेगळंच. म्हण ना, म्हणालीस, तू बसलीस. तिच्या लक्षातही आलं नव्हतं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर ती दचकली असती आणि ते आलेलं अक्षर परत गेलं असतं. यजमानांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि भुवई उडवली, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात आली. "आई, तुम्ही चहा घेणार ना?"

मला वाईट वाटलं. खूप वाटलं. टोला बसला की कण उसळतात आणि मग जागेवर परत येतात, हे मी आयुष्यभर शिकवत आले, तेव्हा मला तरी आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. मी चहा घेतला. साखर जास्त पडली होती.

तिने मात्र एक गोष्ट मनावर घेतली. रोज दुपारी यजमान मटार सोलायला बसले की ती समोर बसायची आणि ते तिची तोंडी परीक्षा घ्यायचे. पावणेदोनशे? एकोणसाठ? अडीच हजार? चुकली की एक शेंग जास्त सोलायची. पहिल्या आठवड्यात आमच्याकडचे सगळे मटार तिनेच सोलले. मामेभावाला हा किस्सा फोनवर सांगितला, तेव्हा तो हसून हसून बेजार झाला. "मंग बराबर हाय तिचं. आमच्याकडं पावणे म्हंजे घरी आलेले पावणे. ते कधी वेळेवर येत्यात व्हय?"

हंगाम भरात आला तेव्हा तोच एक दिवस लॅबमध्ये येऊन उभा राहिला. हातात एकच घड, कागदात गुंडाळलेला. बागेच्या वरच्या तुकड्यातला होता. दोन दिवसांत खुडा घ्यायचा, म्हणजे घड तोडायला सुरुवात करायची, की थांबायचं, ते त्याला ठरवायचं होतं. "आज तुमच्या डब्याची परीक्षा," तो म्हणाला. "मी काय सांगणार नाय. तुमीच सांगा."

मी मणी नळीत घातला. खोलीइतका उबदार होऊ दिला. चुंबकात सोडला. रेघ घसरत खाली आली आणि थांबली. सुनेने ती नेटवर्कला दिली. पडद्यावर आकडा आला, तो मी मुद्दाम बघितला नाही. ती मात्र बघत राहिली. तिचे ओठ हलत होते, मनातल्या मनात काहीतरी जुळवत होती. मग ती ताठ उभी राहिली आणि परीक्षेत उत्तर द्यावं तसं खणखणीत म्हणाली, "पावणेएकवीस!"

मामेभाऊ "ऑ?" म्हणाला.

तिने स्वतः मणी नळीतून काढला, फोडला, थेंब काचेवर टाकला, झाकण लावलं आणि ती छोटी दुर्बीण माझ्या हातात दिली. या वेळी ती ओरडत नव्हती, हसत नव्हती, भान हरपून काही बोलत नव्हती. माझ्याकडे सरळ बघत, हळू आणि ठरवून म्हणाली, "आई, तू वाच."

मी खिडकीकडे वळले आणि डोळा लावला. आत काही दिसेना. आकडे नव्हते, रेघ नव्हती, सगळं पाणीच पाणी. मी दुसरा डोळा लावून पाहिला, त्यातही तेच. मागे दोघं वाट बघत होते.

"पावणेएकवीस," मी म्हटलं.

"बघू दे," म्हणत मामेभावाने दुर्बीण ओढून घेतली. एक डोळा मिटून त्याने ती उजेडात बराच वेळ इकडेतिकडे फिरवली. "एकवीसला जरासं कमी हाय," तो शेवटी म्हणाला. "आयला, बराबर सांगितलं की पोरीनं! खुडा घेतो मी परवा."

सून माझ्या अगदी जवळ येऊन उभी राहिली. तिच्या हाताला द्राक्षाचा वास येत होता.

"आई," ती माझ्या कानात म्हणाली, "तू बघितलंच नाहीस. मनानंच सांगितलंस ना?"

"गप बस," मी म्हटलं, "आणि पुढचा मणी आण."